रथापुढची तिसरी ओळ

या गोधडीची आतली बाजू आता कुणालाच दिसणार नाही. खाली अख्खं लुगडं, मध्ये भर, चहूबाजूंनी गोट. सगळं बंद झालं. बंद होण्याआधीचे दोन आठवडे मात्र मी ती आळंदीत उन्हात, ट्यूबलाइटखाली, जमिनीवर, दोरीवर, सुलटी आणि उलटी पाहिली. गोधडीचं कौतुक करताना आपण रंगांवरच थांबतो. रंग डोळ्यांत भरतात हे कबूल. पण ३१५ तुकडे आपापल्या जागी न चुकता कसे पोचले हे ज्याने पाहिलं, त्याला रंग हा पुढचा विषय वाटतो.

शिवणाऱ्या मावशी इंद्रायणीच्या घाटापासून चार गल्ल्या आत राहतात. नाव लिहायचं नाही ही त्यांची अट. "नाव छापलं की लोक भाव पाडायला येत्यात, ताई." गिऱ्हाईक बहुतेक वारकरी आणि त्यांचे नातलग. कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेला आळंदीत थंडी चांगली बोचते. धर्मशाळेच्या फरशीवर पथारी टाकणाऱ्याला गोधडीचं महत्त्व पटवावं लागत नाही. तसं या गावाचं ठिगळांशी नातं आहेच. इथे धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचंच वस्त्र असे, आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत.

गोधडी पाच फूट रुंद, सात फूट लांब. आडवी पाच घरं, उभ्या सात ओळी. घर फूटभराचं, आणि त्यात चार-चार इंचांचे नऊ तुकडे. घर हा मावशींचा शब्द, सारीपाटाच्या घरासारखा. प्रत्येक घरात तीन तुकडे काठाचे, तिरक्या रांगेत. एका घरात ते चढतात, शेजारच्या घरात उतरतात. दुरून पाहिलं की ओळभर काठांच्या पायऱ्या चढत-उतरत जातात. मी म्हटलं, "मावशी, घाटाच्या पायऱ्या केल्यात की!" त्या म्हणाल्या, "काठ फेकून द्यायचा का मग?" रंग वरच्या ओळींत वांगी आणि अंजिरी, मध्ये मोरपंखी, खाली येता येता मोतिया. आता यातलं एक घर मनातल्या मनात पाव वळसा फिरवा. पायऱ्या तिथेच कोसळतात, आणि पायरीसारखा आडवा असलेला काठ खांबासारखा उभा राहतो. म्हणजे प्रत्येक तुकड्याची ओळ, घर, घरातली जागा आणि दिशा अशा चार गोष्टी सांभाळायच्या, त्याही ३१५ वेळा. हे ध्यानात आलं तेव्हा मावशी इतक्या निवांत चहा कशा पितात याचंच मला नवल वाटलं.

मधल्या घरासाठी मी भगव्या पताकेचा तुकडा सुचवला होता. "पायाखाली येतं ना ते!" विषय संपला. तिथे त्यांच्या आईच्या इरकली लुगड्याचा लाल पदर आला. तो आपण लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

कापण्याआधी लुगडी धुवायची. पूर्वी ती नदीवर धूत. आता इंद्रायणीच्या पाण्यावर फेसाचे डोंगर तरंगतात, म्हणून नळावर. मग कात्री नव्हे, हात. काठाशी दातांनी चिरा द्यायचा आणि लुगडं फाडत न्यायचं. फाडलेलं कापड धाग्यावर जातं, कात्री मात्र डोळ्याच्या भरवशावर चालते. पट्टी निघाली की तिच्यावर साचा ठेवून साबणाच्या चिपेने आखायचं. साबण धुण्यात निघून जातो, पेन्सिल राहते. लुगड्याचा काठ ताण्याच्या अंगाने धावतो. तो पायरीसारखा आडवा बसवायचा म्हणजे ताणा आडवा ठेवायचा, म्हणून मावशी साध्या, बिनकाठाच्या तुकड्यांचाही ताणा आडवाच ठेवतात. मला हा निव्वळ टापटिपीचा हट्ट वाटला होता. पण जुनं सुती कापड ताण्याकडून कमी सैलावतं आणि बाण्याकडून जास्त. पंधरा तुकड्यांची आडवी ओळ ताण्यावर असली की ती हातात लोंबत नाही. दिसण्यासाठी घेतलेला निर्णय आणि टिकण्यासाठी घेतलेला निर्णय एकच निघाला, आणि कापड हातात धरून जरा ओढून पाहिल्याशिवाय हे कुणाला कळणारही नाही.

साचा पत्र्याचा, साडेचार इंच चौरस, मध्ये खिळ्यावर अडकवायला भोक. चार इंचांच्या तुकड्याला साडेचार का, तर चहूकडून पाव-पाव इंच शिवणीत जाणार. शिंपीकामात या जादा कापडाला माया म्हणतात. आळंदीत बसून हा शब्द ऐकताना गंमत वाटते. देवळातले कीर्तनकार माया सोडा म्हणून सांगतात, आणि मावशीही पोरींना शिकवताना "पाव इंच माया सोडा" असंच सांगतात. ज्ञानदेवांच्या समाधीच्या वेळी, १२९६ साली, इथे हजर असलेले नामदेव शिंप्याच्या घरातले. त्यांना या शब्दाचे दोन्ही अर्थ घरचेच असणार.

आधीचा साचा वहीच्या पुठ्ठ्याचा होता. पुठ्ठ्याची कड घासून झिजते आणि शंभरावा तुकडा पहिल्यापेक्षा लहान निघतो. मुलाने चाकणच्या एका वर्कशॉपमधून पत्र्याचा करून आणला, तेव्हापासून हिशोब वर्कशॉपच्या भाषेत चालतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. शिवण अर्धा सूत आत सरकली, तर दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत कापड ती खाते. ओळीत पंधरा तुकडे, म्हणजे चौदा शिवणी. चौदा सुतं, पावणेदोन इंच. शेजारच्या ओळीपेक्षा ही ओळ दोन बोटं आखूड व्हायला फारसं काही लागत नाही, दुपारची एक डुलकी पुरते. मी पट्टी घेऊन सातही ओळी मोजल्या. मावशींना ते आवडलं नाही. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड ओळीत दोन सुतांचा फरक निघाला.

आता मुख्य गोष्ट. कापलेले तुकडे मावशी फरशीवर मांडतात, सगळी गोधडी एकदा डोळ्यांखाली घालतात, दोन-चार रंग इकडचे तिकडे करतात. यानंतर ते उचलायचे. माझ्यासारख्यांची गोधडी मरते ती इथेच. भाचीच्या बाळासाठी मी एकदा दुपटं करायला घेतलं होतं. पलंगावर अगदी मनासारखं मांडलं, नीट चळती केल्या, प्रत्येक चळतीवर चिठ्ठी ठेवली, आणि घरातल्या कुणीतरी पंखा लावला. चिठ्ठ्या कपाटाखालून वर्षभर निघत होत्या.

मावशी चळत करत नाहीत, माळ ओवतात. एका ओळीच्या ४५ तुकड्यांची एक माळ. दोऱ्याच्या खालच्या टोकाला तुटलेल्या तुळशीच्या माळेतला एक मणी बांधलेला, तुकडे गळून पडू नयेत म्हणून. सुई प्रत्येक तुकड्यात एकाच ठिकाणी शिरते, वरच्या डाव्या कोपऱ्यात, कडेपासून पाव इंचाच्या आत. या एका टोचणीत तीन कामं होतात. तुकडा माळेत आला. त्याची दिशा पक्की झाली, कारण टोचलेला कोपरा म्हणजे वरचा डावा. बिनकाठाचा मोतिया तुकडासुद्धा आता आडवा की उभा हे सांगू शकतो. आणि सुईचं भोक मायेत पडलं, म्हणजे पुढे शिवणीखाली गडप होणार, कापडाच्या दिसत्या भागाला ओरखडाही नाही. तिसरी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मावशींनी शिवलेलं घर उलटं करून, मायेतलं ते बारीक छिद्र नखाने दाखवलं.

माळेत अजून एक खोच आहे. माळेतून तुकडे निघतात ते उलट क्रमाने. शेवटी ओवलेला आधी हातात येतो. म्हणून मावशी ओवायला सुरुवात करतात ती ओळीच्या शेवटच्या घराच्या शेवटच्या तुकड्यापासून, खालच्या उजव्या कोपऱ्यातून मागे-मागे. पाहणाऱ्याला वाटतं, बाई उलटं काम करते आहे. चार दिवसांनी मशीनवर बसल्यावर पहिला तुकडा बोटांखाली आपणहून येतो.

दर नऊ तुकड्यांनंतर माळेत कागदाचा एक चौकोन असतो. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरमधल्या तारखा कापून घेतलेल्या. एका ओळीत पाच घरं, म्हणून फक्त १ ते ५. सात ओळींना प्रत्येक आकडा सात वेळा लागतो आणि वर्षात मिळतात बारा, त्यामुळे चंगळ असते. एकादशीची तारीख मात्र कापायची नाही. तेवढ्या तारखा सोडून बाकी पानाची जाळी झालेलं ते कॅलेंडर अजून त्यांच्या दारामागे आहे. प्रदर्शनात ठेवावं असं.

घरांची ओळख झाली. ओळींचं काय? इथे मावशी आळंदीच्या. त्या ओळींना वरून खाली एक ते सात असे आकडे देत नाहीत. मधली चौथी ओळ, जिच्या पोटात ते लाल इरकली घर आहे, ती रथाची ओळ. तिच्या वरच्या तीन रथापुढच्या, खालच्या तीन रथामागच्या, आणि मोजणी दोन्हीकडे रथापासून. रथापुढच्या ओळींच्या माळा लाल दोऱ्यात, रथामागच्या पांढऱ्या दोऱ्यात. दोऱ्याच्या मोकळ्या टोकाला जितक्या गाठी तितवी ओळ. रथाच्या माळेला गाठच नाही. अंधारातही, नुसत्या बोटांनी, तीन गाठींची माळ ओळखता येते. दोरा लाल असेल तर ती रथापुढची तिसरी.

ज्याने ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघताना पाहिली आहे, त्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. दिंड्यांचे क्रमांक तिथे असेच दोन भागांत असतात, रथापुढचे वेगळे आणि रथामागचे वेगळे. सोहळ्याला ही शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी राहिलेले. लष्करातली रचना त्यांनी भजनात आणली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, चोपदार, दिंड्यांची ठरलेली जागा. लाखो माणसं चालतात आणि प्रत्येकाला आपली दिंडी सापडते. मावशींनी ती रचना फरशीवर आणली. मी हे बोलून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "दुसरं कसं मोजायचं असतं?"

पण मधून मोजण्यात एक पक्का व्यवहार आहे. जुन्या लुगड्यांचा भरवसा नसतो. सर्वांत वरच्या ओळीला वांगी रंग पुरला नाही, किंवा गिऱ्हाइकाने मधेच "लहान करा, पोराला पाहिजे" म्हटलं, तर वरची आणि खालची एकेक ओळ काढून टाकायची. एक ते सात मोजलं असतं तर सगळे आकडे बदलले असते. रथापासून मोजलं तर रथ रथच राहतो, पहिली पहिलीच राहते, कुठल्याही माळेची गाठ सोडावी लागत नाही. आणि लाल घर आपोआप मधोमध. मला वाटतं, सबंध गोधडीत याहून देखणी जागा नाही, आणि ती पाहायला गोधडीत काहीच नाही.

सुटा सापडलेला तुकडा बिस्किटांच्या डब्यात जातो. डब्याचं नाव हरवलं-सापडलं. पालखीच्या तळावर समाजआरतीला चोपदार चोप उंचावतो, सारं शांत होतं, आणि मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते, नाव तिथलं. रोज संध्याकाळी, दिवा लावल्यावर, मावशी तो डबा उघडून प्रत्येक तुकडा आपल्या माळेत पाठवतात. उद्यावर ठेवत नाहीत.

शिवताना क्रम पुन्हा विस्कटण्याची भीती असते. मशीन पायाची. मावशी दोन तुकडे जोडून टीप मारतात, पण दोरा तोडत नाहीत. दोन बोटं रिकामी टीप जाऊ देऊन पुढची जोडी सारतात. मागून तुकड्यांच्या जोड्या एकाच दोऱ्याला लोंबत बाहेर येतात, लग्नाच्या मांडवातल्या पताकांसारख्या. (आळंदीत लग्नाच्या मांडवांना तोटा नाही, उपमा शोधावी लागत नाही.) ओवायचा दोरा सुटला त्याच क्षणी शिवणीच्या दोऱ्याने ताबा घेतला, तुकडा एक क्षणही मोकळा नाही. घर पुरं होईपर्यंत कात्री खाली. या साखळीत दोराही वाचतो, पण मावशींच्या लेखी ती बचत दुय्यम. "सुटा तुकडा म्हणजे सुटलेलं वासरू," असं त्या एकदा म्हणाल्या.

मग शिवण मोडायची, म्हणजे माया एका बाजूला निजवायची. पहिल्या ओळीतल्या शिवणी डावीकडे, दुसरीतल्या उजवीकडे, तिसरीतल्या पुन्हा डावीकडे. दोन ओळी जोडताना जिथे चार कोपरे भेटतात, तिथे एकीची जाडी दुसरीच्या खाचेत अलगद बसते. इस्त्रीची गरज नाही, अंगठ्याचं नख पुरतं. डोळे मिटून मी त्या चौफुलीवरून बोट फिरवलं. गाठ लागली नाही. दोन्ही शिवणी एकाच बाजूला निजवल्या असत्या तर तिथे डाळीएवढा उंचवटा आला असता, आणि फरशीवर झोपणाऱ्या माणसाच्या बरगडीला तो रात्री दोन वाजता कळला असता.

मावशींची सून चाकणला कंपनीत लाइनवर आहे. तिथे सुट्या भागांच्या प्रत्येक ट्रेबरोबर कार्ड असतं. ट्रे रिकामा झाला की कार्ड मागे जातं. जपान्यांनी मोटारींच्या कारखान्यात बसवलेली ही कानबान पद्धत. सुनेने झिपच्या पिशव्या आणि रंगीत स्टिकर आणून दिले होते. मावशींनी एक गोधडी तशी केली. पिशव्या एकमेकींवरून घसरत, स्टिकर उन्हाने सुटत, आणि आत तुकडा सुलटा आहे की उलटा हे पिशवी सांगत नसे. पिशव्यांत आता पापडखार आणि सुंठ आहे. सुनेला त्याचा राग नाही. माळ हातात घेऊन तीच मला म्हणाली, "आमचं कार्ड वस्तूबरोबर असतं. आईंचं वस्तूतच असतं."

तुकडे सांभाळण्याची ही कसरत सगळ्याच गोधड्यांना करावी लागत नाही, हेही सांगायला हवं. सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्या आधी मांडत नाहीत. कोपऱ्यापासून सुरू करून हाताला येईल तो तुकडा लावत आत जातात. त्यांच्या कामात जी मोकळी उसळी आहे ती या गोधडीत नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरचे झिजलेले कपडे जोडून केलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या. त्याही बऱ्याचदा रेषा मोडूनच सुंदर होतात. मावशींच्या गोधडीचा बाज वेगळा. ही ठरवून केलेली, पखवाजाच्या ठेक्यावर टाळ पडावा तशी. आणि मला विचाराल तर, दुकानांत पॉलिस्टरची भर घालून, रंगाला रंग जुळवून हजारोंनी विकली जाणारी गुळगुळीत 'एथनिक' गोधडी या तिन्हींपैकी कशाच्याच शेजारी ठेवू नये.

शेवटी भर. मध्ये धोतरं, परकर, आणि यावेळी मुलाचे कंपनीचे निळे गणवेश. खिसे उसवलेले, बटणं काढून वेगळ्या डबीत. थरांना लांब टाचे घातले आणि हाताचा धावदोरा सुरू झाला. तो गोधडीच्या कडेने फिरतो, एक फेरी झाली की बोटभर आत सरकतो, पुन्हा फेरी. चौकोनात चौकोन. जुन्या लुगड्यांना जाड दोरा सोसत नाही, म्हणून साधाच दोरा, दोन पदरी. टाका तांदळाएवढा, मधली जागाही तांदळाएवढी. दोरा संपला तिथे गाठ वर दिसत नाही. टोक थरांच्या मध्ये ओढून घेतलेलं. अकरा दिवस हे चाललं. काठांच्या पायऱ्यांवरून टाके गेले तेव्हा कापड दोन टाक्यांच्या मधे हलकंसं फुगलं आणि वांगी रंगावर बारीक सावल्या पडल्या. कापलेल्या, ओवलेल्या, मोजलेल्या त्या सगळ्या सरळ रेषा पहिल्यांदा मऊ झाल्या.

शेवटची फेरी लाल घरात संपली. गोधडी घडी घालून गिऱ्हाइकाकडे गेली. माळांच्या टोकांचे मणी मावशींनी बुक्क्याच्या डबीत ठेवले होते, ते हातावर ओतून मोजले, सात भरले. साचा खिळ्यावर आहे. पुढच्या गोधडीची लुगडी अजून वाळायची आहेत.